बोकडाचे डोळे, टाचणीची मान

नाही नाही, त्या खोक्यावर नका बसू साहेब, त्यात घुबड आहे. हां, या स्टुलावर बसा — हे भक्कम आहे, माझंच आहे, म्हणजे संग्रहालयाचं आहे पण माझंच. संचालक येतायत, पाच मिनिटं म्हणालेत, म्हणजे अर्धा तास धरा. जिन्यात रंगारी बसलेत ना शिडी आडवी टाकून, त्यांना ओलांडून यायचं म्हणजे मोहीमच, आणि आमचे संचालक पोटानं जरा — असो. हे लिहून नाही ना घेतलंत? नाही, फाइल उघडी दिसली म्हणून विचारलं. आमची सून आत्ता येईल, काचवाल्याकडे गेलीय, कोपऱ्याची काच दोन सूत जास्त कापून दिली त्या गाढवानं. जाताना मला बजावून गेलीय — बाबा, समितीचे साहेब आले तर त्यांना फक्त बसवा, बोलू नका. आता तुम्हीच सांगा, आलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे बरं दिसतं का? नाही दिसत. आणि मी तरी काय बोलणार आहे? मी आपला त्रयस्थ.

तर तुमच्या डाव्या हाताला उभा आहे तो रानबोकड, आणि उजव्या हाताला टेबलावर, त्या छोट्या काचेच्या डबीत, ती टाचणी. नाही हो, ती पिन नव्हे, पिनेवर बसवलीय ती — चतुर माहितीय ना, पाण्यावर भिरभिरतो तो? त्याचीच ही चुलत बहीण, अंगानं बारीक, निळी. चतुर बसला की पंख पसरून बसतो, ही मिटून बसते. हिला टाचणी म्हणतात. मलाही माहीत नव्हतं, सून घरात आल्यावर ज्ञानात भर पडली. आता दर्शनी दालनाचं रंगकाम झालं की तिथं जागा राहणार एकाच कपाटाची, आणि त्या एका जागेसाठी हे दोघं उभे. एकतीस वर्षं तिथं माझा बोकड आहे — कातडं ताणून, साचा करून, टाके घालून उभा केला तो मी. समोर ही, माझ्या सुनेची. निवड तुमची समिती करणार, जो हरेल तो तळघरात. घरात दोन महिने हेच चाललंय बघा: मी बोकडाकडून, सून टाचणीकडून, आमची ही — म्हणजे माझी बायको — सुनेकडून, आणि चिरंजीव आमचे तळ्यात मळ्यात, माझ्यासमोर बोकड म्हणतात, तिच्यासमोर टाचणी, आणि दोघंही समोर असलो की त्यांना फोन येतो.

तुलनाच करायची तर उघडउघड करू. वजन घ्या. हा जिवंत असताना सव्वाशे किलोच्या घरात असणार. चौघांनी उचलून आणला तेव्हा एकाची कंबर धरली ती अजून धरलेलीच आहे. आणि ती? पोस्टाच्या तिकिटाएवढंसुद्धा वजन नाही, सुनेनं मोजून दाखवलं मला, आमच्या काट्यावर ठेवली तर काटा हललाच नाही, दुसरा मागवावा लागला. शिंगं बघा. मागच्या बाजूनं वळ्या मोजा — मोजा, मोजा, हात लावलात तरी चालेल, तुम्ही समितीचे — दर थंडीला एक वळी, नऊ भरतील. नऊ थंड्या काढल्या यानं कड्यांवर. आणि तिचं काय, पंख फुटल्यावर चार आठवडे, फार तर सहा, आटोपला कारभार. खूर बघा. हे कुणी बघत नाही म्हणून मी मुद्दाम पुढचा उजवा पाय जरा उचलून ठेवलाय — कडा टणक आणि मधे मऊ गादी, त्यामुळे दगडावर पाय घट्ट बसतो, बोटभर पायरी मिळाली की हा उभा. याच्यासारखा चढणारा प्राणी शोधून सापडायचा नाही, पडणं म्हणजे काय ते याला माहीतच — काय? मेला कसा? आता मेला कसा म्हणजे... पडून. हो, कड्यावरून पडून. अहो, एखाद्याचा दिवस वाईट असतो साहेब, तेवढ्यावरून काय नऊ वर्षं पुसून टाकायची? खाली ओढ्यात सापडला, मान मोडलेली. ती मान मी अशी बसवलीय की सांगूनही कुणाला पटत नाही. मानेच्या कामात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

दाढी ओढू नका. नाही, खरी आहे, म्हणजे केस खरे आहेत. तिसऱ्या वर्षी हिला कसर लागली आणि आठ दिवसांत बोकड गुळगुळीत. दर्शनी दालनात, भर सुट्टीच्या दिवसांत, बिनदाढीचा बोकड! तेव्हा आमच्या हिचं एक जुनं गंगावन होतं, रंग अगदी जुळला. तिला सांगितलं, हरवलं असेल. दोन महिन्यांनी ती काहीतरी निमित्तानं इथं आली, बोकडासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्यापेक्षा यालाच शोभतंय. एवढंच म्हणाली, पण ती एवढंच म्हणते तेव्हा सांभाळून राहावं लागतं. म्हणून मी म्हणतो की या बोकडात आमच्या अख्ख्या घराचा हात आहे, आणि आता घरातलीच माणसं फितूर होतात म्हणजे काय. हे लिहू नका.

बरं, मी अन्याय करणार नाही, टाचणीचीही बाजू मांडतो. तिला पाय सहा. सहा! आणि चालता येत नाही. खरंच सांगतो, काडीला धरून बसायचं तेवढं जमतं, पण दोन पावलं टाका म्हटलं तर नाही. त्या सहा पायांची टोपली करते आणि उडता उडता डास झेलते. आमचा हा चार पायांवर सरळ भिंत चढतो — हे मी सुनेला ऐकवलं, तर म्हणते, बाबा, मग बोकडाला जरा उडून दाखवायला सांगा. म्हटलं, पाय धड असल्यावर उडायचं कशाला? तर आमची ही स्वयंपाकघरातून हसते. आणि ऐका, ही बया पंख फुटायच्या आधी वर्ष वर्ष पाण्याखाली असते, तिथं तिला रंग नाही, रूप नाही, मातकट किडा नुसता, शेपटीला तीन पानं, त्या पानांनी श्वास घेते — शेपटीनं श्वास! — आणि ओठ घडी घालून ठेवलेला, काही खाण्यासारखं दिसलं की फटकन बाहेर. मग एके दिवशी गवताच्या काडीवरून चढून वर येते, हो, तेव्हा मात्र चढते, पाठ उलते आणि आतून ही निघते, निळी. ते रिकामं कातडंही सुनेनं काडीसकट ठेवलंय, ते बघा, डबीत मागे. इथं एक गोष्ट मान्य करावी लागते. चाळीस वर्षं मी जनावरांची कातडी सोलतो, शिवतो, आणि शिवण लपवता लपवता जीव जातो. आणि ही स्वतःच स्वतःचं कातडं काढून ठेवते, पाठीवर एक चीर, बाकी पायांच्या नखांपर्यंत सगळं शाबूत. एक नख फाटलेलं नाही साहेब. मी भिंगाखाली चांगलं तासभर — म्हणजे जाता येता नजर पडली असेल.

पण दर्शनी दालन म्हणजे दर्शनी दालन. माणूस दारातून आत आला की त्याची मान वर गेली पाहिजे. सुनेच्या टाचणीपुढे कमरेत वाकून भिंगातून बघायचं. आता तिकीट काढून आलेला माणूस पहिल्या पावलालाच वाकेल का? नाही वाकणार. लहान मुलांना वाकावं लागत नाही म्हणते, आणि तेवढं खरं आहे, पण मुलं काय, ती कुठंही बघतात. आणि नजर! इतर सगळं एका पारड्यात आणि बोकडाची नजर एका पारड्यात. एकतीस वर्षं लोक दारात थबकतात ते या नजरेनं. त्या वेळचे संचालक याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ही बोकडाची नजर नाही, ही राजाची नजर आहे, याला दर्शनी जागा द्या. त्या एका वाक्यावर हा तिथं गेला. बघा ना, वाका जरा, जवळून बघा — एवढं काय बघताय? बाहुली? हो, गोल आहे. बाहुल्या गोलच असतात. तुमची गोल आहे, माझी गोल आहे. काय म्हणालात? तुमच्या घरी शेळ्या होत्या? लहानपणी? किती? अरे देवा.

फाइल मिटा आधी. मिटा. आणि पेन खिशात. आता ऐका. शेळ्या राखलेल्या माणसापुढे काय बोलणार, बोकडाची बाहुली आडवी असते, गल्ल्याच्या डब्याला फट असते तशी, तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. एकतीस वर्षं माहीत आहे. तर हा शिवला त्या आठवड्यात या टेबलावर दोन जनावरं होती, हा, आणि एक बिबट्या. डोळे काचेचे येतात, बाहेरून मागवतो आम्ही, जोडीजोडीनं कापसात गुंडाळून. दोन्ही जोड्या पिवळसर, मापाला जवळपास सारख्या. आता माझी एक सवय आहे, चांगली सवय आहे, माझ्या गुरूंनी लावलेली: डोळा बसवायच्या आधी पुढून मेणाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे पापण्या चढवताना काचेला ओरखडा येत नाही. मेण शेवटी पुसायचं, पापण्या वाळून टणक झाल्या की. मी दोन्ही जोड्यांना मेण दिलं, बाहुल्या मेणाखाली दिसेनाशा झाल्या, दोन वाट्यांत ठेवलं आणि चहाला गेलो. आल्यावर कुठली वाटी कुणाची, याबद्दल मला जराही शंका नव्हती. शंका असती तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी मेण पुसलं आणि बोकडानं माझ्याकडे बिबट्यासारखं बघितलं.

उसवायचं? कसं उसवणार? पापण्या फोडाव्या लागल्या असत्या, कातडं गेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. म्हटलं, संचालकांना खरं सांगून टाकू. तर ते आले, आणि नजर, नजर, नजर! आता कुणी एवढ्या मनापासून कौतुक करत असताना मधेच कसं तोंड घालायचं? बिबट्या? त्याला अर्थातच बोकडाचे डोळे. दात विचकलेले, पंजा उगारलेला, आणि चेहऱ्यावर भाव असा की आता चरायला जाऊ का. मुलं त्याच्या तोंडात हात घालून फोटो काढायची. दोन वर्षांत गेला तळघरात, प्रभाव पडत नाही असा शेरा मारून. त्याचं वाईट वाटतं मला. याला बढती मिळाली ती त्याच्या डोळ्यांवर, आणि तो बिचारा खाली अंधारात.

नाही, घरात कुणाला माहीत नाही. म्हणजे... सुनेला माहीत असणार. लग्न ठरायच्या आधी चिरंजीव तिला इथं घेऊन आले, होणारे सासरे काय करतात ते दाखवायला. ती बोकडासमोर उभी राहिली, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं, मग परत बोकडाकडे. म्हटलं, संपलं, आता ही विचारणार. तर म्हणाली, मान फार सुंदर बसवलीत, बाबा. लग्नाआधीच बाबा! त्यानंतर आजतागायत एक अक्षर नाही. आणि पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या समितीनं प्रत्येक वस्तूचा तपासणीचा कागद मागवला ना, तो बोकडाचाही तिनंच भरलाय. ती जेवायला गेल्यावर मी वाचला. डोळे या रकान्यात लिहिलंय — काचेचे, मूळचे, घट्ट बसलेले. खोटं एक अक्षर नाही त्यात. खरं लिहिलं असतं तर बोकड त्याच दिवशी बाद, टाचणी न लढता दर्शनी जागेत, आणि तिची नोकरी कायम. हो मग, तुम्हाला माहीत नाही? तिची नेमणूक वर्षावर्षाची आहे साहेब, तिसरं वर्ष हे. दर्शनी जागा मिळाली तर किड्यांचा वेगळा विभाग होणार आणि ती कायमची. नाही मिळाली तर वर्षाअखेर नमस्कार. हे सगळं त्या एका रकान्यात होतं, आणि पेन तिच्या हातात होतं. मी असतो तर लिहिलं असतं. नाही, मी लिहिलं असतं, तुमच्यापुढे कशाला खोटं बोलू.

मग तिच्या पोटावर पाय देऊन मी का भांडतोय? विचारलं नाहीत तुम्ही, पण चेहऱ्यावर दिसतंय. सांगतो. मी सकाळी दहाला येतो. कोट त्या खुंटीला लावतो, मऊ ब्रश घेतो, बोकडाच्या कपाळापासून सुरू करतो, केसांच्या वळणानं, मानेखाली, पोटाखाली, शेपटीपर्यंत. चाळीस मिनिटं. मग चहा. मग दुपारी शिंगांना तेलाचा बोळा. रंगकाम निघाल्यापासून तो या खोलीत आहे तर इथं, एरवी तिथं दालनात, लोक बघत असतात, विचारतात, मी सांगतो. पगार? पगार कसला आता, पेन्शन आहे ना. म्हणजे... हो. चार वर्षं झाली निवृत्त होऊन. दारावर पाटी आहे ती वाचलीत तुम्ही, कारागीर म्हणून, ती काढायची राहून गेलीय आणि मीही कुणाला आठवण केली नाही. मला कुणी या म्हणत नाही, आणि कुणी येऊ नका म्हणत नाही. दर्शनी जागेतल्या बोकडावर रोज धूळ बसते, रोज पुसावी लागते, म्हणून मी येतो. तळघरात वस्तू प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवतात साहेब. गुंडाळलेल्या वस्तूला कुणी ब्रश मारत नाही. मग सकाळी दहा वाजता मी कुठं जाऊ? एकदा सर्दीतापानं चार दिवस घरी होतो तर आमच्या हिनं पाचव्या दिवशी ताप न बघता मला बाहेर काढलं, म्हणाली, तुम्ही कपाटं पुसता ते ठीक, पण मीठ-मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेत ते मला चालणार नाही. हसू नका. हसा, पण मला त्याची भीती वाटते, हे खरं आहे.

आता एवढं बोललोच आहे तर एक राहिलंय तेही ऐका, पण हे सुनेच्या कानावर गेलं तर मला घर सोडावं लागेल. महिना झाला. ती अर्ध्या दिवसाच्या बैठकीला गेलेली, टेबलावर हीच डबी, झाकण काढलेलं. म्हटलं, शत्रूचं बळ तरी बघू. तुम्हाला कल्पना नसेल, ही एक टाचणी मिळवायला पोरगी सात आठवडे गुडघाभर चिखलात उभी होती. मिळायच्या बऱ्याच, पण पंखाचं टोक झिजलेलं, पाय तुटलेला, काही ना काही. आणि मेल्यावर यांचा रंग एका दिवसात उडतो, काळी काडी नुसती उरते. नखांचा रंग काढायचं पाणी असतं ना, तसल्यात वेळेवर बुडवून ठेवावी लागते, थोडी घाई झाली तरी वाया, थोडा उशीर झाला तरी वाया. तेरा वाया गेल्या. ही चौदावी. मी वाकलो, जवळ गेलो, आणि मला शिंक आली. शिंक म्हणजे कशी, आमच्या घराण्याची शिंक. डोळे उघडले तर पिनेवर टाचणी आहे आणि तिचं डोकं टेबलावरून घरंगळत चाललंय.

काय करणार? पहिली दोन-चार मिनिटं मी खिडकीवर आळ घ्यायच्या बेतात होतो — वारा आला, मी नव्हतोच. खिडकी उघडूनही ठेवली. मग ते डोकं दिसेना. म्हटलं, दुसरी शिंक यायच्या आत शोध. नाकाला रुमाल बांधला, गुडघ्यावर बसलो, टेबलाच्या कडेला अडकलं होतं. मान म्हणजे काय असते तिची? केसाच्या टोकाएवढी. मी बोकडाच्या दाढीतला एक केस उपटला — म्हणजे आमच्या हिचाच म्हणा — त्याच्या टोकानं डिंकाचा ठिपका, चिमट्यात डोकं, भिंग डोळ्याला, आणि श्वास धरून दोन तास. डोकं जरा जरी तिरकं बसलं तर ती आयुष्यभर, म्हणजे मेल्यावरचं आयुष्य हो, कुणाकडे तरी रुसून बघतेय असं वाटलं असतं. दोन तास मी तिच्या डोळ्यांत बघत होतो. डोकं म्हणजे जवळजवळ डोळेच आहेत, दोन बाजूंना दोन, आणि एकेका डोळ्यात हजारो खिडक्या. आयुष्यभर मी डोळे विकत आणून बसवले साहेब, डझनाच्या भावानं. हा डोळा कुणी करून देणार नाही. आणि मी ज्याचे डोळे चुकवले तो तिथं भिंतीपाशी उभा राहून माझ्याकडे बघतोय, दुसऱ्याच्याच डोळ्यांनी. लाज वाटली मला. कुणाला सांगितलं नाही, पण वाटली. मग डोकं बसलं, खिडकी लावली, घरी गेलो. जेवताना सून म्हणते, बाबा, सर्दी झालीय का, वाफ घ्या थोडी. योगायोग बघा कसा! मी म्हटलं छे छे, मला कसली सर्दी, आणि आमच्या हिला तेवढ्यात ठसका लागला.

दाखवतोच तुम्हाला. थांबा, झाकण काढतो, तुम्ही तोंडावर हात धरा. हे भिंग घ्या. मानेकडे बघा, डोक्याच्या मागे. जोड दिसला तर नाव बदलीन माझं. दिसला? नाही ना! दिसणारच नाही. आता पिनेवरच खाली बघा, किड्याच्या खाली कागदाचे इवले इवले चतकोर ओवलेले असतात, ही किडेवाल्यांची पद्धत — कुठं मिळाला, कधी, कुणी पकडला, सगळं त्याच्यासोबतच राहतं, किडा जाईल तिथं जातं. वरच्या चिठ्ठीवर तळं आणि तारीख. दुसऱ्या चिठ्ठीवर सूनबाई. बस, दोनच अस— ही तिसरी कसली? तिसरी नसते. तुम्हाला वाचता येतंय? नको, द्या इकडे, मी वाचतो, माझा चष्मा — हां. मान... पुन्हा... बसवली. मान पुन्हा बसवली. तारीख. तारीख तर तीच, शिंकेची. आणि पुढे... पुढे नाव आहे. माझं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

काही नाही. काही नाही झालं मला, तुम्ही बसा. नाही, पाणी नको. चाळीस वर्षांत या इमारतीत माझं नाव फक्त हजेरीच्या वहीत, साहेब. बोकडाच्या पाटीवर त्या संचालकांचं आहे, देणगीदाराचं आहे, ज्या कड्यावरून पडला त्या कड्याचंसुद्धा आहे. कारागिराचं लिहायची पद्धत नाही. आणि हिनं मोहरीएवढ्या अक्षरात, त्याच दिवशी — म्हणजे माझ्या नाकाचा रुमाल तिला दारातून दिसला असणार, आणि वाफ घ्या म्हणाली तेव्हा तिला — अरे! आणि तो ठसका! म्हणजे दोघींना! महिनाभर मी त्या दोघींसमोर बसून टाचणीला नावं ठेवतोय, सहा पाय काय, शेपटीनं श्वास काय, आणि या दोघी एकमेकींकडे न बघता जेवतायत!

पावलं वाजतायत. तिचीच. काढा ते पेन. काढा लवकर, लिहा — बोकडाच्या डोळ्यांची बाहुली गोल आहे, डोळे बिबट्याचे आहेत, चूक कारागिराची. नाव पाटीवर नाही, इथून उतरवून घ्या, या चिठ्ठीवरून, पूर्ण. लिहिलंत? आता पुढे. बोकड तळघरात न्यावा, बिबट्याशेजारी ठेवावा, दोघांनाही गुंडाळू नये. एकेक पापणी ओली करून सोडवायची, जोड्या बदलायच्या, कातडं फाटू द्यायचं नाही; वर्ष लागेल. दहा ते पाच. तळघराची किल्ली तेवढी हवी, आणि एक चांगला दिवा. आणि दर्शनी जागेचं मला विचारू नका, अजिबात विचारू नका. ज्याचं काम त्याचं मत धरत नाहीत एवढं मलाही कळतं, आणि इथं तर दोन्हीकडे माझाच हात निघाला. उठा आता. संचालक जिन्यात अडकले असतील तर तिथंच गाठा त्यांना. — ये ये, दे ती काच इकडे, जड आहे. काही नाही गं, साहेब निघालेतच. मी कुठं काय बोललो? विचार त्यांना, नुसते बसवून ठेवले होते. डोळ्यांत काही नाही गेलेलं, धूळ आहे इथं. साहेब, जा ना तुम्ही. आणि दार हळू ओढा, वारा येतो. मान नाजूक आहे तिची.